स्पीकरमधली भणभण जाते आणि परत येते: आधी तार शोधा, मग खर्च करा

आमच्या कॉम्प्युटरचे स्पीकर गेल्या सात-आठ वर्षांत चार वेळा भणभणायला लागले. त्यातल्या तीन वेळा आवाज ऐकायला जवळपास सारखाच, आणि कारण मात्र चारही वेळा वेगळं. पहिल्या वेळी मी जाडजूड नवी ऑडिओ केबल आणली, काही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी नवे स्पीकर घ्यायला निघालो होतो, चपला घातल्या होत्या. त्यानंतर शहाणपण आलं. आता आवाज आला की पाकीट खिशातच राहतं आणि मी टेबलाखाली शिरून एकेक तार उपटायला लागतो. कुठली तार काढल्यावर आवाज थांबतो एवढं कळलं की निम्मं काम झालं.

ही पोस्ट त्याच चार वेळांबद्दल आहे. मधेमधे नातेवाइकांकडे केलेल्या खटपटी आहेत, कारण घरात एकाला टेस्टर धरता येतो हे कळलं की सगळ्या आत्या-मावश्यांचे कॉम्प्युटर त्याचेच होतात.

तार उपटायच्या आधी कान द्या

"स्पीकरमधून आवाज येतोय" एवढ्याने काही कळत नाही. मराठीत आवाजांना भरपूर शब्द आहेत, ते वापरा. खालच्या सुरात एकसारखी घूं-घूं किंवा भणभण असेल तर ती भिंतीतल्या विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० वर येते. स्पीकरच्या आत एसीचं डीसी होताना उरलेली लहर १०० वर येते, तिला जरा धार असते. बारीक चिर्र किंवा किणकिण, आणि तीही माउस हलवला की बदलणारी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली. ठेक्यात येणारी टर्र-टर्र-टर्रर्र मोबाइलची. नुसता सूं असा श्वासासारखा आवाज प्रत्येक अँप्लिफायरमध्ये थोडा असतोच, कान स्पीकरला लावल्याशिवाय ऐकू येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नॉब फिरवतानाच होणारी खरखर ही नॉबमधल्या धुळीची. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवला की बहुतेक वेळा विषय संपतो.

बायको घरी गाण्याचे क्लास घेते, निम्मे ऑनलाइन. पहिल्यांदा भणभण सुरू झाली तेव्हा ती पेटीवर बसली होती. दोन-तीन पट्ट्या दाबून म्हणाली, "पांढरी पाचला लागतोय बघ, पण जरा चढा आहे." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. नंतर हिशोब केला. पांढरी पाच (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, कीबोर्डवरची G) खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास येते, आणि आपली वीज ५० आणि १००. म्हणजे सूर तोच, किंचित चढा. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर ही फुकटातली चाचणी आहे. सूर पांढरी पाचला टेकला तर दोष विजेच्या बाजूचा, नाही टेकला तर दुसरीकडे बघा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे शोधावा, तिकडची वीज ६० हर्ट्झची आहे.

पहिली दहा मिनिटं

स्पीकर चालू ठेवा, त्याचा आवाज कमी करा आणि ऑडिओची पिन कॉम्प्युटरमधून काढा. स्पीकरच्या बाजूची नाही, कॉम्प्युटरच्या बाजूची. आता ती केबल मोकळी लोंबतेय. पिनच्या टोकाला बोट लावलंत तर मोठ्याने घूं होईल, घाबरू नका. तुमचं शरीर भिंतीतल्या तारांचा अँटेना झालंय एवढाच त्याचा अर्थ, आणि अँप्लिफायर जिवंत आहे हेही त्यातून कळलं.

बोट काढल्यावरही भणभण थोडीफार राहील, कारण मोकळी केबलही तेवढंच काम करते. म्हणून पुढची पायरी: तीच पिन मोबाइलमध्ये घाला, मोबाइल चार्जरला न लावता. गाणं लावा, मग थांबवा. आता स्पीकर गप्प असतील तर स्पीकर आणि केबल दोघेही निर्दोष, दोष कॉम्प्युटरकडून येतोय. मोबाइलला ३.५ मिमीचं भोक नसेल (हल्ली नसतंच) तर जुना रेडिओ, एमपी-थ्री प्लेअर किंवा बॅटरीवर चालणारा लॅपटॉप चालेल. मुद्दा एवढाच की पलीकडचं यंत्र भिंतीतल्या विजेला जोडलेलं नको.

आणि मोबाइल लावूनही भणभण तशीच असेल तर केबल स्पीकरच्या बाजूनेही काढून टाका. तरीही आवाज चालू राहिला तर तो स्पीकरच्या पोटातला आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण आमच्याकडेही तो शेवटीच आला.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करून टाका. विंडोजमधला आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि स्पीकरचा नॉब खाली आणा. पुष्कळ जण उलटं करतात: कॉम्प्युटरवर २० टक्के आणि नॉब पूर्ण फिरवलेला. मग गाण्याबरोबर केबलमधला सगळा कचराही तेवढाच मोठा होतो. माझ्या एका मेव्हण्याची तक्रार फक्त एवढ्यानेच मिटली. त्याला ते फारसं आवडलं नाही, त्याला नवे स्पीकर हवे होते.

पहिली वेळ: सेट-टॉप बॉक्सची केबल

आमचा स्पीकर सेट दोन छोटे आणि एक वूफर असा. मागे दोन इनपुट. एकात कॉम्प्युटर होताच, दुसऱ्यात मी एका रविवारी केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडला. टीव्हीचा आवाज वूफरवर ऐकायची हौस. रात्री अकराला घर शांत झालं आणि भणभण लक्षात आली. टीव्ही बंद केला, चालूच. सेट-टॉप बॉक्सचं बटण बंद केलं, चालूच. नवी केबल आणली ती याच वेळी. शेवटी बॉक्सच्या मागे येणारी काळी गोल केबल पिळून काढली आणि एकदम शांतता. इतकी की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

याला ग्राउंड लूप म्हणतात आणि वारंवार परत येणाऱ्या भणभणीत याचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साध्या ऑडिओ केबलमध्ये डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन बारीक तारा आणि त्यांच्याभोवती एक जाळी असते. जाळी दोन कामं करते. आवाजाचा सिग्नल परत जायची वाट तीच, आणि दोन यंत्रांची शरीरं एकमेकांना जोडणारी तारही तीच. आता कॉम्प्युटरचं शरीर तीन पिनांच्या प्लगमधून आमच्या इमारतीच्या अर्थिंगला टेकलेलं. सेट-टॉप बॉक्सचं शरीर त्या काळ्या केबलच्या जाळीतून कुठल्या तरी दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवरच्या अँप्लिफायरला टेकलेलं. दोन ठिकाणच्या जमिनी कागदावर शून्य व्होल्टच्या, प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा फरक असतोच. तो फरक मिटवायला प्रवाह वाहतो, आणि वाहायला मधली वाट म्हणजे आमच्या ऑडिओ केबलची जाळी. घरगुती ऑडिओ सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा असतो. त्यात जाळीवर दोन-तीन मिलिव्होल्ट जरी पडले तरी रात्रीच्या शांततेत ते चांगले ऐकू येतात.

आता जाड केबलचा उपयोग का झाला नाही ते कळेल. बाहेरून येणारी लहर अडवायला जाळी चांगली, पण इथे कचरा त्या जाळीतूनच वाहत होता.

उपाय तीन, आणि मी ते याच क्रमाने करून बघतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा: कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर. दोन वेगळ्या भिंतींवरचे दोन बोर्ड वापरत असाल तर एवढ्यानेच काम होऊ शकतं. बोर्डच्या एकूण क्षमतेत हे तिन्ही आरामात बसतात, फक्त त्याच बोर्डला इस्त्री किंवा गीझर लावू नका. दुसरा उपाय म्हणजे जी जोडणी नसली तरी चालेल ती सोडून द्या. मी टीव्हीची हौस सोडली. तिसरा, ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑडिओ केबलच्या मधे घाला. तिच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि जाळीचा सांधा तुटतो. काही शे रुपयांत मिळते. स्वस्तातल्या डबीत ढोलकीचा खालचा घुमारा थोडा कमी होतो, बोलण्याच्या आवाजाला फरक जाणवत नाही. डबी घालूनही भणभण जशीच्या तशी राहिली तर लूपचा संशय सोडून द्या, उगाच दुसरी डबी आणू नका.

ऑप्टिकल केबल किंवा ब्लूटूथ हेही याच रोगाचे उपाय, कारण दोन्हीत तांब्याची जोडणीच नाही. स्पीकरला ती सोय असेल तर भांडण एका मिनिटात मिटतं.

इथे थांबा आणि हे वाचा

लूप तोडायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय तुम्हाला कोणी ना कोणी सुचवणारच: "प्लगची वरची जाडी पिन काढून टाका." मला एका दुरुस्तीवाल्याने कापूनच दिली होती, वर "आता नाही येणार आवाज" असंही म्हणाला. आवाज आला नाही हे खरं. पण ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती उगाच नाही. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे आत काही बिघडून पत्र्याच्या डब्यात फेज उतरला तर त्या विजेला तुमच्या हाताऐवजी जमिनीची वाट मिळावी. ती कापली की भणभण बंद होते आणि तुमचं संरक्षणही बंद होतं. मी नवा प्लग लावून घेतला. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून अर्थ चुकवणं हेही तेच पाप.

लॅपटॉपवाल्यांसाठी

भाच्याचा फोन: "मामा, चार्जर लावला की स्पीकर किरकिरतात, काढला की गप्प." फोनवर निदान होतं ते असं. बॅटरीवर शांत आणि चार्जरवर आवाज म्हणजे वाट चार्जरमधून आहे, शंकाच नको.

त्याचे स्पीकर यूएसबीवर चालणारे होते, म्हणजे वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून आणि आवाज लॅपटॉपच्याच ऑडिओ भोकातून. दोन केबली, दोन्हीत ग्राउंडची तार, दोन्हीची टोकं त्याच दोन यंत्रांत. अख्खा लूप दीड फुटात. लॅपटॉपचा प्रोसेसर जास्त-कमी वीज ओढतो तसा यूएसबीच्या ग्राउंडवरचा व्होल्टेज हलतो आणि तो हलणारा कचरा ऑडिओच्या जाळीत उतरतो. त्याला सांगितलं, यूएसबीची पिन लॅपटॉपमधून काढून मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरला लाव. किरकिर गेली. एक सावधगिरी आहे: फुटपाथवरचा चार्जर स्वतःच चिर्र करतो. म्हणून आधी पॉवर बँकेवर लावून बघायचं. तिथे शांत आणि चार्जरवर आवाज असेल तर चार्जर बदला.

दोन पिनांच्या चार्जरचे लॅपटॉप वेगळाच खेळ करतात. त्यांना अर्थच नाही, त्यामुळे लूप नाही. पण चार्जरच्या आत उच्च दाबाच्या बाजूपासून खालच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर (विजेचा थोडा साठा करणारा भाग) असतो, आणि त्यातून अगदी थोडी गळती लॅपटॉपच्या पत्र्यापर्यंत येते. पत्र्यावरून उलटा हात हलकेच फिरवलात तर झिणझिण लागते ती हीच. अशा वेळी स्पीकरमधली भणभण लॅपटॉपला हात लावला की कमी होते, उचलला की वाढते. त्या लॅपटॉपसाठी कंपनीचाच तीन पिनांचा चार्जर किंवा केबल मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल तर आयसोलेटर.

दुसरी वेळ: माउस हलवला की चिर्र

हा विजेचा नव्हता, पेटीवर कुठल्याच पट्टीला लागेना. वेबपेज वर-खाली केलं की चिर्रर्र, सोडलं की बंद. मी काय केलं होतं, तर टेबलाखाली वाकायचा कंटाळा म्हणून स्पीकरची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात घातली होती.

पुढचं भोक दिसायला सोयीचं, पण तिथून मदरबोर्डपर्यंत एक बारीक केबल अख्ख्या कॅबिनेटमधून जाते, ग्राफिक्स कार्डच्या बाजूने, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तारांना घासून. पुष्कळदा तिला जाळीच नसते. माउस हलला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जागे होतात, वीज ओढतात, आणि त्यांचा आवाज त्या केबलमध्ये शिरतो. यूएसबीची स्वतःचीही एक लय असते, सेकंदाला १००० किंवा ८००० ठोक्यांची, ती बारीक शिट्टीसारखी ऐकू येते. पिन मागच्या हिरव्या भोकात घातली आणि नव्वद टक्के आवाज गेला.

उरलेले दहा टक्के साउंडच्या सेटिंगमध्ये सापडले. प्लेबॅकमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स नावाचं पान असतं. तिथे माइक आणि लाइन-इनच्या पट्ट्या दिसत असतील तर दोन्ही म्यूट करा. न वापरलेल्या माइकचं बूस्ट चालू राहिलं तर मोकळ्या भोकातला कचरा तो मोठा करून स्पीकरकडे पाठवत राहतो. सगळ्या कार्डांवर या पट्ट्या नसतात, नसतील तर पुढे जा.

मागच्या भोकातूनही चिर्र येत असेल तर मदरबोर्डवरचं साउंड कार्डच गोंगाटात बसलंय. बाहेरचं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या, आणि ते शक्यतो हातभर लांब केबलवर ठेवा, कॅबिनेटला चिकटवून नको.

तिसरी वेळ: उन्हाळ्यात भणभण, पावसाळ्यात शांत

ही सगळ्यात चिवट. एप्रिलमध्ये सुरू झाली, जूनच्या मध्याला आपोआप गेली. मी खूश. पुढच्या मार्चअखेरीस परत हजर. या वेळी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की भणभण कमी व्हायची आणि बोटांना झिणझिणायचं. टेस्टर लावला तर पत्र्यावर मंद लाल दिवा.

कॉम्प्युटरच्या पत्र्यावर टेस्टर पेटला की एक गोष्ट जवळपास नक्की समजा, अर्थिंग पोचत नाहीये. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, कचरा जमिनीत सोडायला. जमीनच नसेल तर ते दोघं पत्र्याला मधोमध लटकवतात, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. ऑडिओ केबलची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली, त्यामुळे तीही लटकते.

मल्टिमीटर असेल आणि तो वापरायची सवय असेल तर बोर्डवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल, असं असायला हवं. जुन्या वायरिंगमध्ये उजवं-डावं उलटं झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. आमच्याकडे फेज ते अर्थ १२० दाखवत होता. सवय नसेल तर हे माप वायरमनकडून घ्या, त्याला पाच मिनिटं लागतात.

आमची इमारत पुण्यातल्या पेठेतली, जुनी. अर्थिंगचा खड्डा मागच्या बोळात, वर फरशी, फरशीवर कोणाची तरी तुळशीची कुंडी. वायरमनने फरशी काढली. आत जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप, आजूबाजूला कधीकाळी भरलेलं कोळसा-मीठ, आणि पाइपाला तार बांधलेला क्लॅम्प गंजून पोपडे धरलेला. त्याने पक्कड लावून तार जरा हलवली तर ती हातात आली. पावसाळ्यात ओल्या गंजातून आणि ओल्या मातीतून कसाबसा सांधा टिकायचा, उन्हाळ्यात सगळं कोरडं झालं की तुटायचा. कोरड्या मातीचा रोध वाढतो हे पुस्तकात वाचलं होतं, स्पीकरमधून ऐकलं पहिल्यांदाच.

नवा क्लॅम्प, नवी पट्टी, खड्ड्यात दोन बादल्या पाणी. भणभण गेली, झिणझिणही गेली. सोसायटीच्या बैठकीत मी "स्पीकर वाजतात" असं सांगितलं असतं तर खर्च कोणी मंजूर केला नसता. "सगळ्या घरांतल्या वॉशिंग मशीनला अर्थ नाही" असं सांगितल्यावर दहा मिनिटांत झाला. खरं तेच होतं. आता दर उन्हाळ्यात कुंडीबरोबर खड्ड्यालाही पाणी मिळतं.

छोटे गुन्हेगार

मोबाइलची टर्र-टर्र टू-जीवरच्या फोनची. तो सेकंदाला साधारण २१७ वेळा थांबून-थांबून रेडिओ सोडतो, आणि जवळची स्पीकरची तार ते पकडते. आईचा बटणांचा फोन वूफरवर ठेवलेला असायचा, फोन वाजायच्या आधी वूफरला कळायचं. फोन दोन-तीन फूट लांब ठेवणं हाच उपाय. फोर-जीवर असा ताल सहसा ऐकू येत नाही. केबलवर चढवायचा काळा फेराइटचा मणी इथे थोडा उपयोगी पडतो. पण विजेच्या घूं-भणभणीला त्या मण्याचा शून्य उपयोग, दहा लावा, माळ घाला, काही होणार नाही. तो रेडिओच्या वरच्या लहरींसाठी आहे.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ओळखायला सोपा. पंखा दोन-तीनवर असताना धारदार भणभण, पूर्ण वेगावर किंवा बंद केल्यावर शांत. हे रेग्युलेटर विजेची प्रत्येक लहर मधेच कापतात. पायऱ्यापायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा, तो कापाकापी करत नाही. शेजारी मिक्सर सुरू झाला की खर्रर्र येते ती त्याच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांची, चटणी होईपर्यंत धीर धरा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर स्पीकर घुमायला लागले, पंखाही घुमतोय, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. स्पीकर उघडून काही मिळणार नाही, इन्व्हर्टरच साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारख्या गोलसर लहरीचा हवा.

चौथी वेळ: स्पीकरच्या पोटात

गेल्या वर्षी भणभण आली ती हळूहळू. आधी गाणं थांबल्यावर, मग गाण्यातही. सगळ्या केबली काढल्या, आवाज चालू. नॉब शून्यावर, तरी चालू, तेवढाच. पेटीवर तीच चढी पांढरी पाच. नॉबने कमी-जास्त न होणारी १०० हर्ट्झची भणभण म्हणजे वीजपुरवठ्यातला मोठा कपॅसिटर थकला. वूफरमध्ये ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि त्यांच्या पुढे हा कपॅसिटर, लहरी सपाट करायला. आत ओला रस असतो, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकतो, आणि मग लहरी तशाच पुढे जातात.

प्लग काढला, तासभर थांबलो, मग मागची पाटी उघडली. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन, एकाचं डोकं फुगून घुमटासारखं झालेलं. बुडाशी पिवळट-तपकिरी थर दिसला तर लगेच गळती समजू नका, पुष्कळदा तो कारखान्यात लावलेला डिंक असतो. फुगलेलं डोकं मात्र खोटं बोलत नाही. तसं ते सपाट असूनही कपॅसिटर गेलेला असू शकतो.

इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावं. घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त (मी ३५ चे घेतले), आणि १०५ अंश लिहिलेले. ८५ अंशांचे थोडे स्वस्त असतात, घेऊ नका. उंची आणि जाडी मोजून जा, माझी पहिली फेरी फुकट गेली, कपॅसिटर बसेचनात. जुना काढायच्या आधी पांढऱ्या पट्टीची बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा. ती ऋण बाजू, आणि उलटा लागला तर फटाक्यासारखा फुटतो. फुगलेला एकच असला तरी दोन्ही बदला. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर हे काम गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला द्या. आणि ज्या स्पीकरमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस आहे तो घरी उघडूच नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढला तरी तो लगेच उतरत नाही.

सध्या एकच आवाज उरलाय. फ्रिजचा कंप्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये एक 'टक्' होतो, थोड्या थोड्या वेळाने. फ्रिज दुसऱ्या बोर्डवर हलवून पाहिला, टक् थोडा बारीक झाला, गेला नाही. मी परत टेबलाखाली शिरायला लागलो तर बायको म्हणाली, "राहू दे तो एक, क्लासच्या मुली त्याला सम म्हणतात."